तांब्या, टाइपरायटर आणि सारख्या मापाची घरं

या भागाचा हा लेखी मसुदा. एसटीत हेडफोन सापडत नाही, नेटवर्क जातं, अशा तक्रारी तुम्ही केल्या होत्या, म्हणून वाचणाऱ्यांसाठी. बोलताना जे फाटे फुटले ते थोडे छाटलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय मोनोस्पेस फॉन्ट. म्हणजे ज्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचं घर मिळतं, तो. कोडिंग करणाऱ्यांना हा रोज दिसतो. पण मला तो विषय म्हणून कळला तो आमच्या मामांच्या भांड्यांच्या दुकानात, आणि तोही पुरती फजिती झाल्यावर.

मामांचं बिल

धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूरकडे निघालात की साधारण वीस किलोमीटरवर टेकडीवरचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याशी सोनगीर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशात माहीत नाही असा माणूस विरळा. लग्न ठरलं की हंडा, घागर, परात, घंगाळ घ्यायला लोक इथे येतात. मामांचं दुकान त्यातलंच एक.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही अजून हातानं पावत्या लिहिता. मी कॉम्प्युटरवर बिल करून देतो, तेही मराठीत." मामा खूश. छोटा थर्मल प्रिंटर आणला, तो अठ्ठावन्न मिलिमीटर कागदाचा. त्यावर प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये एका ओळीत ३२ इंग्रजी अक्षरं बसतात. मी हिशेब मांडला: भांड्याच्या नावाला १२ घरं, वजनाला ८, रकमेला १२. झाले बत्तीस. नाव लहान असेल तर उरलेल्या जागेत स्पेस भरायच्या, मोठं असेल तर बारावर कापायचं. इंग्रजीत करून पाहिलं, रकाने फुटपट्टीनं आखल्यासारखे सरळ आले.

मग मराठी नावं टाकली. त्या प्रिंटरमध्ये देवनागरी नव्हतीच, म्हणून बिलाचं चित्र करून पाठवलं. हिशेब मात्र तोच ठेवला, बारा-आठ-बारा.

पहिलंच मोठं गिऱ्हाईक एक आजी. नातीच्या लग्नाची भांडी. बिल बाहेर आलं. "तांब्याचा हंडा" याचं झालं होतं "तांब्याचा हं". खालच्या ओळींमध्ये कुठे वजन डावीकडे, कुठे रक्कम आत सरकलेली. एका ओळीचं वजन नेमकं वरच्या 'रक्कम' शब्दाखाली येऊन बसलं. आजींसोबतचा नातू बिल वाचायला लागला आणि वजनाला रक्कम, रकमेला वजन म्हणायला लागला. आजींनी कागद मामांपुढे धरला आणि विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?"

मामांनी काही न बोलता जुनं पावती पुस्तक काढलं आणि सगळं हातानं लिहून दिलं. आजी गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "भांडं वजनावर जातं बाबा. गिऱ्हाइकाला वजनाचा आकडा दिसलाच नाही नीट, तर इसवास कशाचा?"

ते बिल मी जपून ठेवलंय. कारण त्या वाकड्या रकान्यांच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सारखी घरं आली कुठून?

१८७४ च्या सुमाराला अमेरिकेत शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर बाजारात आला, रेमिंग्टननं बनवलेला. त्याचं यंत्र साधं. कळ दाबली की अक्षर उमटतं आणि कॅरेज एक पाऊल सरकतं. ते पाऊल नेहमी एकाच मापाचं. इंग्रजी 'आय' हडकुळा आणि 'एम' धिप्पाड, पण यंत्राला फरक माहीत नाही. म्हणून 'आय'ला दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून फुगवलं आणि 'एम'चं पोट आवळलं. मोनोस्पेस ही कुणा चित्रकाराची आवड नव्हती. यंत्राची अडचण होती, आणि अक्षरांनी तिच्याशी जुळवून घेतलं.

पण या अडचणीतून एक फायदा निघाला. सगळी घरं सारखी, म्हणून आकड्याखाली आकडा आपोआप येतो. आयबीएमनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं पंचकार्ड आणलं. पुढे संगणकाचे पडदे आले तेही बहुतेक ८० रकान्यांचे. १९७८ चा गाजलेला व्हीटी१०० टर्मिनलही तसाच. आपण आजही कोडची ओळ ऐंशीच्या आत ठेवा म्हणतो, त्याचं मूळ या पुठ्ठ्याच्या कार्डात. आयबीएमच्याच टाइपरायटरसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात 'कुरियर' काढला. सिनेमाच्या पटकथा अजून त्यात लिहितात.

कोडमध्ये हे उपयोगाचं का, ते पायथॉन लिहिणाऱ्याला सांगायला नको. ओळ किती आत सरकली यावर अर्थ ठरतो. एक स्वल्पविराम चुकला तर रात्र जाते. सारख्या घरांमुळे ही चूक डोळ्याला दिसते.

इथपर्यंत गोष्ट इंग्रजीची. इंग्रजी अक्षरं एकामागे एक, सुटी उभी राहतात, त्यामुळे ती घरांत बसली. आपलं काय झालं?

खिळे, कळा आणि बाराखडी

आपली लिपी चारही बाजूंनी वाढते. मात्रा वर, उकार खाली, वेलांटी कधी आधी कधी नंतर, जोडाक्षर पोटात. मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ पासून देखणं देवनागरी छापत होता, पण त्यासाठी कंपोझिटरसमोर शेकड्यांनी खिळे लागत. इंग्रजीच्या कितीतरी पट. खिळे जुळवायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त.

मग प्रश्न पडला, आणि तो आजतागायत सुटलेला नाही: यंत्र लिपीसाठी बदलायचं की लिपी यंत्रासाठी?

लोकमान्य टिळक आपल्याला संपादक म्हणून माहीत असतात. पण छापखाना चालवणाऱ्या माणसाला खिळ्यांची संख्या रोज बोचते. त्यांनी देवनागरीचे खिळे कमी करण्याच्या कामात लक्ष घातलं. त्यातून पुढे सुमारे १९० खिळ्यांचा संच तयार झाला, तो 'टिळक टाइप' म्हणून ओळखला गेला. इथे लिपीचं रूप बरंचसं राखून खटाटोप यंत्राच्या बाजूनं होता.

सावरकरांनी रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळात लिपीशुद्धीचा आग्रह धरला. इ, ई, उ ही वेगळी चिन्हं कशाला? अ लाच वेलांटी, उकार द्या: अि, अी, अु. चिन्हं कमी, छपाई सोपी. याच वळणाची सुधारणा साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर यांनी उचलून धरली, आणि गांधीजींच्या नवजीवन प्रकाशनाची हिंदी पुस्तकं कितीतरी वर्षं या अ च्या बाराखडीत छापली गेली. जुन्या वाचनालयात असं पुस्तक हाती आलं तर ती छपाईची चूक समजू नका.

१९५३ मध्ये लखनौच्या परिषदेनं तर ऱ्हस्व वेलांटीच अक्षराच्या उजवीकडे न्यायचं ठरवलं. यंत्राला सोयीचं, कारण उच्चारात क आधी आणि इ नंतर. पण लोकांच्या डोळ्यांना ते पटलं नाही. काही वर्षांत निर्णय मागे घ्यावा लागला. लहानपणी गिरवलेलं अक्षर ठराव करून हलत नाही.

दरम्यान देवनागरी टाइपरायटर आला होता. त्याच्या कळा बघा कशा वाटल्या होत्या. ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण ही अक्षरं पूर्ण नव्हतीच. कळीवर फक्त अर्धं रूप. 'भ' हवा तर आधी अर्धा भ, मग काना. एकच काना सगळ्यांच्या कामी आला आणि आठ कळा वाचल्या. मात्रा-उकारांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज सरकायचं नाही, म्हणजे खूण अक्षराच्या वर किंवा खाली बसायची. आणि ऱ्हस्व वेलांटी बोलताना नंतर, पण टाइप करताना आधी. 'कि' साठी पहिल्यांदा वेलांटी, मग क. ज्या जोडाक्षराला कळ नाही त्याचा पाय मोडायचा. सारख्या घरांत आपली लिपी अशी कोंबून बसवली, आणि ज्यांनी बसवली त्यांच्या युक्तीला दाद द्यायला हवी.

गोदरेजनं १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला घेतला आणि २००९ मध्ये थांबवला. या अर्धशतकात तालुक्या-तालुक्याला टायपिंग इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. धुळ्यात माझी मावशी अशाच एका क्लासला जायची. मराठी ३०, इंग्रजी ४०. तुमच्यातले जे क्लार्क-टायपिस्टची तयारी करतायत त्यांना हे आकडे झोपेतही आठवतात. शब्द प्रति मिनिट. टाइपरायटर गेला, परीक्षा संगणकावर आली, आकडे राहिले.

संगणकातलं भूत

आणि फक्त आकडेच राहिले असं नाही. कृतिदेवसारखे फॉन्ट तुम्ही पाहिले असतील. झेरॉक्सच्या दुकानात, जुन्या लग्नपत्रिकेच्या फायलीत. त्या फॉन्टचा कळफलक म्हणजे थेट टाइपरायटर. अर्धा भ, मग काना. आतमध्ये मात्र मराठी नाहीच. 'मराठी' हा शब्द त्या फायलीत ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं म्हणून साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. मुखवटा काढला की गिचमिड. व्हॉट्सअॅपवर आलेली एखादी जुनी सरकारी फाइल अशी दिसली तर समजा, टाइपरायटरचं भूत आहे ते.

याच्या उलट दिशेचं कामही आपल्याकडेच झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसायची. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक ठरला होता. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमानं टाइप करायचं, आधी क मग वेलांटी, आणि वेलांटी कुठे काढायची ते यंत्र बघेल. १९५३ ला लिपीनं हलावं अशी मागणी होती. इथे हलायचं काम यंत्राकडे गेलं. माझ्या मते आपल्या लिपीच्या इतिहासातला हा मोठा पालट आहे. आयस्की आणि मग युनिकोड याच वाटेनं आले. विंडोज २००० सोबत 'मंगल' फॉन्ट आला, तो काढला मुंबईच्या र. कृ. जोशींनी. हाताला बोरू आणि डोक्यात संगणक असलेला माणूस.

तांब्या किती अक्षरी?

आता मामांच्या बिलाकडे या. माझं नक्की काय चुकलं?

'तांब्या' हा शब्द घ्या. शाळेत विचारलं तर तुम्ही सांगाल, दोन अक्षरं: तां आणि ब्या. पायथॉनला लेन फंक्शननं विचारा, ते सांगेल सात. त, काना, अनुस्वार, ब, हलन्त, य, काना. बऱ्याच टर्मिनलांना विचारा, ते म्हणतील पाच घरं, कारण ते कान्याला घर देतात पण अनुस्वार आणि हलन्ताला देत नाहीत. दोन, पाच, सात. तिघंही आपापल्या जागी बरोबर. मी सातवर विसंबून पाच स्पेस भरल्या, आणि कागदावर शब्दानं घेतली तिसरीच रुंदी, कारण माझा देवनागरी फॉन्ट मोनोस्पेस नव्हताच.

आणि "तांब्याचा हं"? पहिले सात, मग 'चा'चे दोन, एक स्पेस, ह आणि अनुस्वार. झाले बरोबर बारा. 'डा' बाहेर राहिला. कात्रीनं नेमकं काम केलं होतं, माप मी चुकीचं दिलं होतं. मराठी व्याकरणात वर्ण वेगळा आणि अक्षर वेगळं, हे आपण सहावी-सातवीत शिकतो आणि कोड लिहिताना विसरतो.

मग वाटलं, देवनागरीचा मोनोस्पेस फॉन्ट शोधावा. विचार करा, 'र' आणि 'ज्ञ' सारख्या घरात बसवायचे. र फाटका दिसणार, ज्ञ गुदमरणार. शिरोरेषा ओढून ताणून नेली तरी ब्या, स्त्री, र्क्ष्य यांना किती घरं द्यायची हा प्रश्न तसाच. आपल्या लिपीत रुंदी हा अक्षराच्या स्वभावाचा भाग आहे.

मग निवडायचं काय?

मी आता काय करतो ते सांगतो. तुम्हाला पटलं तर घ्या.

कोडसाठी मोनोस्पेसच. निवडताना नाव बघू नका, चाचणीची एक ओळ लिहा. शून्य आणि मोठा ओ शेजारी. एक, छोटा एल आणि मोठा आय शेजारी. तिन्ही कंस एकात एक. मोबाइलवर दाखवाल त्या लहान मापात ती ओळ वाचा. फरक कळला तर फॉन्ट पास. सोर्स कोड प्रो आणि जेटब्रेन्स मोनो हे दोन्ही फुकट आहेत आणि या परीक्षेत टिकतात. फिरा कोडसारखे काही फॉन्ट दोन चिन्हं जोडून एक बाण दाखवतात. दिसतं छान, पण नव्यानं शिकत असाल तर आधी ते बंद ठेवा. फायलीत खरं काय लिहिलंय ते डोळ्याला कळू दे.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर एडिटरच्या सेटिंगमध्ये मोनोस्पेसच्या नंतर, स्वल्पविराम देऊन, दुसरा फॉन्ट देवनागरीचा लिहा. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी'. नाहीतर सिस्टिम स्वतःच्या मनानं कुठलाही उचलते. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना धडकतात.

पोस्टर किंवा अॅपचं डिझाइन करत असाल तर दोन गोष्टी पाळा. 'टेक लूक' हवा म्हणून इंग्रजी मोनोस्पेस घेतला तर त्याच्याशी जुळवायला मराठी अक्षरांमध्ये अंतर टाकू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. आणि आकड्याखाली आकडा हवा असेल तर त्यासाठी अख्खा फॉन्ट मोनोस्पेस लागत नाही. पुष्कळ फॉन्टमध्ये सारख्या रुंदीच्या आकड्यांची सोय असते, ती चालू करायची. अक्षरं मोकळी, आकडे शिस्तीत.

चोपडीची घडी

मामांचं बिल शेवटी सुटलं ते फॉन्टनं नाही. मामांच्या आजोबांच्या वेळची एक लाल चोपडी दुकानात होती. ती चाळताना दिसलं, आत एकही उभी रेघ आखलेली नाही, तरी जमा, नावे, वजन, रक्कम सगळं एकाखाली एक. कसं? पानाला उभ्या घड्या पाडलेल्या. लिहिणाऱ्यानं घडीपासून सुरुवात करायची. शब्द लांब असो की आखूड, पुढचा आकडा पुढच्या घडीवर. रकाना कागदात होता. अक्षरावर त्याचं ओझं नव्हतं.

घरी येऊन मी सगळ्या स्पेस काढून टाकल्या. बिलाच्या चित्राची रुंदी ३८४ ठिपके. नाव शून्यापासून सुरू, वजन एका ठरलेल्या ठिपक्यावर संपणार, रक्कम उजव्या काठाला. नाव लांबलं तर कापायचं नाही, खालच्या ओळीत उतरवायचं. एवढाच बदल.

पुढच्या रविवारी पहिलं बिल काढलं. "तांब्याचा हंडा" पूर्ण आला, डा सकट. वजन वजनाखाली, रक्कम रकमेखाली. मामांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि पावती पुस्तक खणात ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. लाइट गेली तर लागतं म्हणाले.

दुकानात एक काका भांड्यांवर नावं घालतात. छिन्नी आणि हातोडी, ठिपक्याला ठिपका. त्या दिवशी एका तांब्यावर आडनाव घालत होते, त्यात 'श्री' होता आणि 'र'ही होता. मी विचारलं, "काका, किती जागा सोडायची हे कसं ठरवता?" ते वर न बघता म्हणाले, "ज्याला जेवढी लागेल तेवढी."

तुमच्या घरी टाइपरायटरवर मराठी शिकलेलं कुणी असेल, आत्या, मावशी, आजोबा, तर त्यांना विचारा 'भ' कसा टाइप करायचे. त्यांची बोटं टेबलावर आपोआप दोनदा पडतील, आधी अर्धा भ आणि मग काना. जमलं तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. भेटूच.